सिकलसेलची तपासणी प्रत्येक गर्भवतीची हवी

लोकसंख्या मोठी असेल, लग्ने आपल्या-परक्याचा भेद न करता होत असतील, बाहेरून कोणी येत-जात नसेल, नवे उत्परिवर्तन होत नसेल आणि कुठल्याही जनुकामुळे जगण्यात फायदा-तोटा होत नसेल, तर जनुकांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. इंग्रज गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ साली हे स्वतंत्रपणे मांडले. वसई-विरारमध्ये यातल्या दोन अटी तर उघडच मोडल्या आहेत. सामवेदी, वाडवळ, कोळी, वारली यांच्या सोयरिकी परंपरेने आपापल्यातच होत आल्या. आणि लोकलच्या वाटेने देशभरातून माणसे येत राहिल्याने २०११च्या जनगणनेतच शहराची वस्ती १२ लाखांवर गेली होती. याच पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, तर सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमिया या तशाच आजाराच्या वाहकांचे, म्हणजे एकच दोषी जनुक असलेल्यांचे, प्रमाण जास्त आहे. एका पालकाकडून सिकलसेलचे आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमियाचे जनुक मिळालेले मूलही आजारी असते. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे, तो योग्यच आहे. पण एवढ्या मिसळलेल्या शहरात आडनाव किंवा पाडा पाहून तपासणी ठरवणे धोक्याचे आहे. इथे प्रत्येक गर्भवतीची, तीही पहिल्या तीन महिन्यांतच, तपासणी व्हायला हवी.

आंतरजातीय लग्ने वाढली की आजार आपोआप ओसरेल, असे म्हणणारे निम्मे बरोबर आहेत. समजा, सारख्याच आकाराच्या दोन समाजांपैकी एकात दोषी जनुकाचे प्रमाण ५ टक्के आहे, दुसऱ्यात शून्य. ते वेगळे राहिले तर एकूण १०,००० जन्मांमागे १२-१३ मुले आजारी; पूर्ण मिसळले तर सहा. वाहक मात्र कमी होत नाहीत, ४७५चे ४८७ होतात, आणि ते अशा घरांत पोहोचतात जिथे या आजाराचे नावही कोणी ऐकलेले नसते. निसर्गनिवडीवर विसंबण्यातही अर्थ नाही. मलेरियापासून वाहकांना मिळणाऱ्या संरक्षणामुळे सिकलसेलचे जनुक टिकले. आता मलेरिया पूर्ण गेला आणि एकाही रुग्णाला मूल झाले नाही असे धरले, तरी ५ टक्क्यांचे अडीच व्हायला वीस पिढ्या, म्हणजे सुमारे ५०० वर्षे लागतील. खर्चाचा आक्षेप रास्त आहे. शिवाय सिकलसेल हुडकणाऱ्या स्वस्त विद्राव्यता चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही. पण गर्भवतीचे रक्त हिमोग्लोबिनसाठी घेतले जातेच. त्याच नमुन्यात लाल पेशींचा आकार पाहावा, विद्राव्यता चाचणी करावी आणि शंका आली तरच हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी महागडी एचपीएलसी चाचणी करावी. स्त्री वाहक निघाली तर नवऱ्याचीही तपासणी त्याच आठवड्यात व्हावी, आणि अहवाल त्या दोघांखेरीज कोणाच्याही हाती जाऊ नये.