घरचा अभ्यास : आजीची कहाणी आणि इंग्रजी निबंध

गेल्या महिन्यात इंदूरच्याच एका भगिनीचे पत्र आले. त्यांची कन्या नववीत शिकते. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि वहीत इंग्रजी, अशी तिची रोजची तीन भाषांतून ये-जा. परीक्षेसाठी तिने गाइडातून ‘रेल्वे स्टेशनवरील एक तास’ हा इंग्रजी निबंध पाठ केला. प्रश्नपत्रिकेत आला ‘माझ्या गावातील बाजार’. बिचारीने बाजारातच स्टेशन आणून बसविले आणि गुण मात्र गाडीबरोबर निघून गेले! पत्राच्या अखेरीस त्या लिहितात, “मला इंग्रजी येत नाही. तिच्या अभ्यासात आता माझा काही उपयोग उरला नाही, हे मनाला फार लागते.”

या शेवटच्या वाक्यासाठीच आजचे टिपण लिहीत आहे.

पाठांतराला मी नावे ठेवीत नाही. स्तोत्रे, पाढे, शब्दांची रूपे पाठच करावी लागतात. निबंधाची जात मात्र निराळी. इंग्रजी ‘एस्से’ हा शब्द ज्या फ्रेंच शब्दावरून आला, त्याचा अर्थच मुळी ‘प्रयत्न’ असा आहे. माँतेन या फ्रेंच लेखकाने 1580 मध्ये आपल्या लेखांना हे नाव दिले. 1597 मध्ये बेकनने ते इंग्रजीत आणले. पुढे 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू केली. इंग्रजी ग्रंथांचे वाचन त्यांनी मनसोक्त केले होते. पण निबंधमालेत बोलले ते स्वतःच्या मनातले आणि स्वतःच्या मराठीत. निबंधाला भाषेची वेस ओलांडता येते. दुसऱ्याकडून उसना आणलेला प्रयत्न मात्र प्रयत्न राहत नाही.

तेव्हा भगिनींनो, एके संध्याकाळी वही मिटवून ठेवा आणि मुलीला मराठीतच विचारा, “पाहुणे आले तर आपल्या गावातला कोणता बाजार त्यांना आधी दाखवशील?” ती बहुधा सराफ्याचे नाव घेईल. “का गं?” असे विचारताच सांगू लागेल की, दिवसा तेथे सोन्याचांदीची दुकाने असतात आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच समोर भुट्ट्याचा कीस नि जिलेबीची दुकाने लागतात. झाले! निबंध सापडला. ‘आमच्या एकाच गल्लीला दोन रूपे आहेत’ हे त्याचे मुख्य विधान. पहिल्या परिच्छेदात ते सांगावे, दुसऱ्यात दिवसाचे रूप, तिसऱ्यात रात्रीचे, आणि चौथ्यात त्यातले आपल्याला काय भावते ते. एका परिच्छेदात एकच गोष्ट. दिवसाच्या परिच्छेदात जिलेबी शिरली, की तिला हळूच उचलून रात्रीच्या परिच्छेदात ठेवावी. या साऱ्यात इंग्रजीचे एक अक्षरही लागले नाही, हे ध्यानात घ्या.

आता भाषेकडे वळू. आपल्या मुलांना दोन जागी हटकून ठेच लागते. पहिली क्रियापदाची. ‘मी काल आजीबरोबर सराफ्यात गेले’ या वाक्यात ‘गेले’ सर्वांत शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्याला बिलगून बसते : ‘आय वेंट टू सराफा विथ माय ग्रँडमदर यस्टरडे’. नीट पाहा, ‘मी’ तेवढा जागेवर राहिला; बाकीची सारी पंगत उलट्या क्रमाने बसली. ‘सराफ्यात’ मधला शेवटचा ‘त’सुद्धा ‘टू’ होऊन शब्दाच्या पुढे आला. प्रत्येक वाक्य असे तंतोतंत उलटत नाही. तथापि ‘आधी कर्ता, लगेच क्रियापद’ एवढे सांभाळले तरी अर्धी वाट सरते.

दुसरी ठेच ‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांची. मराठीत त्यांना नेमके प्रतिशब्द नाहीत, म्हणून मुले ते गाळतात, नाहीतर मीठ भुरभुरावे तसे कोठेही टाकतात. येथे आजीची कहाणी उपयोगी पडते. ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.’ राजा प्रथम भेटला तेव्हा ‘एक’, ओळख झाल्यावर ‘त्या’. इंग्रजीतही पहिल्या भेटीला ‘अ किंग’, दुसऱ्या भेटीला ‘द किंग’. सारे नियम एवढ्यात मावत नाहीत, परंतु आरंभाला ही खूण पुरेशी आहे.

निबंध लिहून झाला की वही लाल शाईने रंगवू नये. एका खेपेस एकाच प्रकारची चूक शोधावी : आज क्रियापदे, उद्या ‘अ’ आणि ‘द’. सगळ्या चुका एकदम दाखविल्या की मूल पुन्हा गाइडाच्या आश्रयाला जाते.

आणि आता त्या भगिनीचे काम. मुलीने आपला इंग्रजी निबंध वाचावा आणि वाक्यावाक्याला आईला मराठीत अर्थ सांगावा. जेथे ती अडखळेल, तेथे वाक्य बिघडले आहे किंवा मुळात विचारच स्पष्ट नाही, असे समजावे. इंग्रजी जाणणारा श्रोता पुष्कळदा अर्धवट वाक्यही मनातल्या मनात पुरे करून घेतो. न जाणणारी आई मात्र विचारते, “म्हणजे काय गं?” निबंध लिहिणाऱ्याला हाच प्रश्न सर्वाधिक शिकवितो, आणि तो विचारायला मायबोली पुरते.