शिंका न आणणारा शिकारी

शिवार आणि पशुधन : साप्ताहिक स्तंभ

सौंसर तहसिलीतील एका संत्राबागाईतदाराने गेल्या आठवड्यात माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला, तो वरकरणी केवळ एका कुत्र्याच्या खरेदीचा होता. परंतु त्याच्या पोटात कायदा, वैद्यक आणि व्यापार ही तिन्ही प्रकरणे दडलेली असल्यामुळे त्याचा परामर्श या स्तंभात घेणे मला उचित वाटते. बागेलगतच्या वावरातील मका आणि भुईमूग रानडुकरांचे कळप रातोरात उकरून टाकतात, ठिबकच्या नळ्यांची दाणादाण करतात, आणि रोह्यांची टोळी कोवळे शेंडे खुडून पसार होते. तेव्हा जागलीवरच्या गड्याच्या जोडीला एखादे शिकारी कुत्रे असावे, अशी या गृहस्थाची इच्छा. "भाऊ, कुत्रं तं पायजेच, पन ते घरात आलं का माह्या पोराले शिंका सुरू होतात अन् छाती वाजते," असे तो म्हणाला, आणि एका विक्रेत्याने त्यावर सुचविलेला तोडगाही त्याने सांगितला : लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकराचे पिल्लू घ्यावे, ते केस गाळीत नाही, सबब त्याचे वावडे कुणालाच होत नाही, आणि दोन्हीकडचे रक्त शिकारी असल्यामुळे रानातही ते मागे सरत नाही.

या शिफारशीतील वंशावळीचा भाग खरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर पाण्यात उतरून जाळी ओढीत असत, आणि पुढे इंग्लंडातील उमरावांनी त्यांना पक्ष्यांच्या शिकारीत तरबेज केले. आज ज्या पूडलला आपण दिवाणखान्यातील शोभेचे जनावर समजतो, ते मूळचे तळ्यातील बदके काढून आणणारे कुत्रे असून, त्याच्या छातीवर व सांध्यांवर केस राखून उर्वरित अंग भादरण्याची ती विचित्र वाटणारी पद्धतही पोहताना अंग हलके राहावे आणि मर्मस्थाने उबदार राहावीत याच हेतूने रूढ झाली, असे मानतात. जर्मनीत तर 1881 च्या सुमारास पूडल आणि पॉइंटर यांच्या संकरातून पूडलपॉइंटर नावाचे खास शिकारी कुळ निर्माण करण्यात आले, आणि ते अद्याप नांदते आहे. परंतु बंदुकीने पडलेले बदक दातांचा व्रण न उमटविता मालकाच्या हाती आणून देणे हे ज्या जनावराचे परंपरागत कर्तव्य, त्याने सुळ्यांच्या एका हिसड्यात कुत्र्याचे पोट फाडणाऱ्या रानडुकरासमोर उभे राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

त्याहून मोठी अडचण कायद्याची. शिकारी कुत्र्यांचा शौक आपल्या मुलखाला नवा नाही. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचा प्राण वाघापासून वाचविणाऱ्या खंड्या नामक कुत्र्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे, आणि संगम माहुलीस त्याची समाधी दाखविली जाते. दक्षिण महाराष्ट्रातील व कर्नाटकाच्या सीमेवरील कारवान कुत्री पिढ्यान्‌पिढ्या सशांमागे धावत आली, आणि मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्यांच्याच कुळाला आश्रय देऊन कीर्ती मिळवून दिली, ती एवढी की 2005 साली भारतीय डाकखात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळला मानाचे स्थान मिळाले. परंतु हा सर्व इतिहास 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अलीकडे येऊ शकत नाही. त्या अधिनियमात शिकार म्हणजे केवळ जीव घेणे असे म्हटलेले नाही. वन्य प्राण्याला पकडणे, त्याच्यामागे कुत्री सोडून पाठलाग करणे, त्याला हाकून घेरणे, सापळा लावणे आणि या सर्वांचा नुसता प्रयत्न करणे हे देखील त्या व्याख्येत समाविष्ट आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराबाबत कलम 11 अन्वये सक्षम अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवाना देऊ शकतो, हे खरे. परंतु तो हुकूम हाती नसताना ज्याचे कुत्रे सशाला किंवा रोह्याच्या पाडसाला फाडील, त्याला "कुत्रे आपणहून धावले" एवढ्या जबाबावर सुटका मिळेल अशी आशा बाळगणे शहाणपणाचे नाही. तात्पर्य, पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याला शिकारी कुत्रा ठेवण्याचे कारणच उरलेले नाही. त्याला हवा आहे तो राखण्या, जो धुऱ्याच्या आत राहून भुंकेल आणि जागल्याला वेळेवर उठवील.

आता वावड्याच्या प्रश्नाकडे वळू. ज्या संकराची आज इतकी वाहवा होते, तो विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात, अंधांसाठी मार्गदर्शक कुत्री तयार करणाऱ्या संस्थेत, वॉली कॉनरन या गृहस्थांच्या हातून प्रसिद्धीस आला. हवाई बेटांवरील एका दृष्टिहीन बाईंना कुत्रा हवा होता आणि त्यांच्या पतीला कुत्र्याच्या केसांचे वावडे होते. कॉनरन यांनी पूडल जातीची 33 कुत्री पारखून नापसंत केली आणि शेवटी लॅब्रॅडॉर व पूडल यांची जोडी लावली. त्या वेतात तीन पिल्ले झाली; त्यांचे केस व लाळ तपासणीसाठी हवाईला पाठविण्यात आली, आणि तिघांपैकी एकाचाच त्या गृहस्थाला त्रास झाला नाही. आईबाप तेच, वेत तेच, आणि तरीही दोन पिल्ले निरुपयोगी ठरली, ही गोष्ट जाहिरातीतून सोयिस्करपणे गळते. पुढे या संकराचे वेड जगभर पसरले आणि पैशाच्या लोभाने रोगट जनावरांची बेसुमार पैदास सुरू झाली, तेव्हा खुद्द कॉनरन यांनीच आपल्या या कृतीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

याचे कारण शरीरशास्त्रात आहे. माणसाला शिंका आणतात ती कुत्र्याच्या लाळेतील, कातडीच्या कोंड्यातील आणि मूत्रातील प्रथिने. केस हे केवळ त्यांचे वाहन. त्या प्रथिनांपैकी जे प्रमुख, त्याला शास्त्रज्ञ कॅन एफ 1 म्हणतात, आणि ते प्रत्येक कुत्र्यात कमीअधिक प्रमाणात असतेच. नेदरलँड्समधील संशोधकांनी 2012 साली निरनिराळ्या जातींच्या अंगावरील केस, घरातील जमिनीवरची धूळ आणि हवा यांची तुलना केली, तेव्हा ज्या जाती निर्धोक म्हणून विकल्या जातात त्यांच्याच केसांत हे प्रथिन अधिक आढळले; लॅब्रॅडूडल, म्हणजे हाच लॅब्रॅडॉर-पूडल संकर, पाळणाऱ्या घरांतील जमिनीवर ते काहीसे कमी होते, परंतु ज्या हवेत आपण श्वास घेतो तीत जातीपरत्वे फरक दिसला नाही. केस न गळणे हा झाडूवाल्या बाईचा लाभ आहे. त्याला दमेकऱ्याचा लाभ समजणे चूक. उलट, एक कमी परिचित गोष्ट अधिक उपयोगाची आहे : कॅन एफ 5 नावाचे प्रथिन केवळ नराच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते, त्यामुळे ज्याला फक्त त्याचेच वावडे आहे अशा माणसाला मादी बहुधा निर्वेधपणे पाळता येते.

मग त्या पोराच्या शिंकांचे काय? मी त्याच्या बापाला पहिला प्रश्न हा विचारला की, कुत्र्यावर ठपका ठेवण्यापूर्वी तपासणी झाली आहे काय? आपल्या भागात पावसाळा सरता सरता प्रत्येक पडीत आणि प्रत्येक रस्त्याच्या कडेला गाजरगवत फुलते, कापूस वेचून घरात ढीग लागतो, आणि गादीतील धुळीचे सूक्ष्म कीटक तर बारमाही असतात. यांपैकी कोणत्याही कारणाने छाती वाजू शकते, आणि अंगाला मातीसकट गाजरगवताचे पराग चिकटवून आत येणारे कुत्रे फुकाफुकी आरोपी ठरते. नागपूरसारख्या ठिकाणी हातावर सुईने टोचून करावयाची साधी चाचणी अथवा रक्ततपासणी उपलब्ध आहे, आणि पिल्लावर हजारो रुपये घालण्यापूर्वी तेवढा खर्च अवश्य करावा.

जाडजूड कुरळ्या लोकरीच्या कुत्र्याला आपल्या शिवारात काय भोगावे लागेल, याचाही विचार व्हावा. कार्तिकात गवत वाळले की त्याचे कुसळ अशा केसांत रुतते, पुढच्या टोकाने आत आत सरकते आणि दोन बोटांच्या मध्ये किंवा कानाच्या पोकळीत शिरून गळू करते. वरून पाहणाऱ्याला फक्त एवढेच दिसते की जनावर एका अंगाला डोके कलते धरून सारखा कान झाडीत आहे. गोखरू अडकले की तेथे जट होते, जटेखाली गोचीड घर करतो, आणि वैशाखातले ऊन डोक्यावर आले की ते बिचारे विहिरीच्या पाळीजवळून हलत नाही. अशा लोकरीला रोजची फणी आणि दर महिन्या-दीड महिन्याने कातरणी लागते. बहाराच्या हंगामात ज्याला स्वतःची दाढी करायला सवड नसते, त्याने हे ओझे स्वीकारू नये.

म्हणून माझा अभिप्राय असा की, गावातल्याच एखाद्या सावध, आखूड केसांच्या कुत्रीचे पिल्लू घ्यावे, आणि तेही मादी. घरी आणण्यापूर्वी मुलाला त्या पिल्लाजवळ व त्याच्या आईजवळ निरनिराळ्या दिवशी तासतासभर बसवून पाहावे, कारण वावडे जातीचे नसून त्या एका जनावराचे असते. नंतर तिचा मुक्काम बागेतील खोपटातच ठेवावा, आठवड्यातून दोनदा तिला धुवावे, कारण धुण्याचा गुण तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि मुलाच्या निजण्याच्या खोलीत तिला प्रवेश देऊ नये. रात्री तिला लांब साखळीवर धुऱ्याच्या आत ठेवावे, म्हणजे रान आणि कायदा दोहोंचीही मर्यादा सांभाळली जाईल. लसीकरणात हयगय नसावी; 2018 साली गीरच्या अरण्यात सिंह दगावले ते ज्या डिस्टेंपर रोगाने, तो पाळीव कुत्र्यांनाही होतो व त्यांच्याकडून रानात पसरू शकतो, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला ती जबाबदारी टाळता येणार नाही.

राहिली नुकसानीची गोष्ट. मध्यप्रदेशात वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकनासाडीची भरपाई महसूल खात्यामार्फत मिळते, आणि 2023 साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून छिंदवाड्याचे हेलपाटेही कमी झाले आहेत. सकाळी नासाडी दिसताच तहसील कचेरीत दरखास्त रुजू करावी, पटवाऱ्याकडून पंचनामा करवून घ्यावा आणि त्याची नक्कल आपल्या दप्तरी ठेवावी. या कामात आपला शेतकरी जितकी कुचराई करतो, तितकी तो कुत्र्याच्या सौद्यातही करीत नाही. आणि इतके सांगूनही ज्याला तो विलायती संकर हवाच असेल, त्याने कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीच्या 2017 च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याची नोंदणी आहे की नाही हे पाहावे, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू स्वीकारू नये, आणि महिन्याभरात मुलाला त्रास झाल्यास पिल्लू परत घेऊन रक्कम फेडण्याची हमी कागदावर मागावी. ज्याच्या मालाचे कुणालाच वावडे होत नाही असे तो छातीठोक सांगतो, त्याला त्या कागदाचे वावडे असण्याचे कारण नाही. आणि असलेच, तर सौदा तेथेच मोडावा.

— जामकाठकर