'यलो अलर्ट' म्हणजे गारपीट होणारच का? मार्च-एप्रिलमधला हवामान अंदाज नेमका कसा वाचायचा?

मार्च उजाडला की मोबाईलवर एक नकाशा फिरायला लागतो. महाराष्ट्राचे जिल्हे, त्यातले अर्धे पिवळे, तीन-चार नारिंगी. खाली कुणीतरी जोडलेली ओळ असते, 'पुढचे चार दिवस धोक्याचे, राज्यात गारपीट होणार, सगळ्या ग्रुपवर पाठवा.'

नकाशा बहुतेक वेळा खराच असतो, भारतीय हवामान विभागाचा. खालची ओळ मात्र नकाशात कुठेच नसते. चार दिवस जातात. बहुतेक गावांत कडक ऊन पडतं आणि 'हवामान खात्याचा अंदाज म्हणजे...' असे मीम सुरू होतात. त्याच वेळी शेजारच्या तालुक्यातल्या दोन गावांत गारांनी हरभरा झोपलेला असतो.

दोन्ही गावांसाठी अंदाज एकच होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही होता. मग गोंधळ नेमका कुठे होतो?

या दिवसांत आकाशात काय चालू असतं?

कॅलेंडरवर वसंत असला तरी हवामान विभागाच्या हिशेबात मार्च ते मे हा 'मान्सूनपूर्व हंगाम' असतो. या काळात जमीन झपाट्याने तापते. विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे खाली दक्षिणेपर्यंत अनेकदा हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. बातम्यांमध्ये 'द्रोणीय स्थिती' किंवा 'वाऱ्यांची खंडितता' असं जे वाचायला मिळतं, ते हेच. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून येणारी दमट हवा या पट्ट्याच्या आसपास येऊन मिसळते. वरच्या थरात मात्र उत्तरेकडची कोरडी आणि थंड हवा असते. हिमालयाकडे एखादा पश्चिमी चक्रावात सक्रिय असेल, तर ती आणखी गार होते.

खाली तापलेली दमट हवा आणि वर थंड हवा, अशी ही मांडणी. दुपारी तीन-चारनंतर खालची हवा वेगाने वर चढते आणि पाहता पाहता दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. ढगातला पाण्याचा थेंब गोठणबिंदूच्या वर ढकलला जातो, गोठतो, त्याच्यावर आणखी थर चढतात. वर जाणारा झोत जितका जोरदार, तितकी ती गार जास्त वेळ ढगात राहते आणि मोठी होते. झोताला तिचं वजन पेलेनासं झालं की ती खाली येते.

हा ढग आडवा मोजला तर बऱ्याचदा काही किलोमीटरचाच असतो आणि त्याचा जोर तासा-दीड तासात संपतो. आजोबा ज्याला वळवाचा पाऊस म्हणायचे, तो हाच. बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही, असं त्याच्याबद्दल गमतीने बोललं जातं. हवामानशास्त्रानेही यात फार वेगळं काही सांगितलेलं नाही.

अंदाजातला सर्वांत महत्त्वाचा शब्द: 'तुरळक'

हवामान विभागाच्या पत्रकात 'तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांच्या कडकडाटासह पाऊस व गारपिटीची शक्यता' असं वाक्य असतं. बातमी होताना त्यातला 'तुरळक' गळतो. फॉरवर्ड होताना 'शक्यता'ही गळते.

पण हे शब्द शोभेसाठी नाहीत, प्रत्येकामागे आकडा आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि 'बहुतांश ठिकाणी' म्हणजे ७६ टक्क्यांच्या वर.

म्हणजे 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी' असं लिहिलं असेल, तर जिल्ह्याच्या किमान तीन चतुर्थांश भागात पाऊस पडणार नाही, असंच विभाग सांगत असतो. तुमच्याकडे ऊन पडलं म्हणून तो अंदाज चुकला असं होत नाही.

रंगाचंही तसंच. पिवळा म्हणजे परिस्थितीवर लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हिरवा म्हणजे कोणताही इशारा नाही. हे रंग किती मिलिमीटर पाऊस पडेल ते सांगत नाहीत, तुम्ही किती सावध राहायचं ते सांगतात. जुलैमधला पिवळा बहुतेकदा मुसळधार पावसाचा असतो. मार्च-एप्रिलमधला पिवळा बहुतेकदा विजा आणि ताशी ३० ते ४० किंवा ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा असतो. पाऊस दोन-चार मिलिमीटरच पडेल, पण पत्रे उडतील.

हा धोका हलक्यात घेण्यासारखा नाही. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात मंदिर परिसरातलं कडुलिंबाचं मोठं झाड पत्र्याच्या शेडवर कोसळलं आणि सात जणांचा मृत्यू झाला. पावसापासून वाचायला लोक त्याच शेडखाली थांबले होते.

किती दिवस आधीचा अंदाज धरून चालायचा?

हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातून एवढंच कळतं की अमुक आठवड्यात तापमान किंवा पाऊस सरासरीपेक्षा जास्त राहण्याकडे कल आहे. कोणत्या दिवशी, कोणत्या तालुक्यात, हे त्यातून काढणं म्हणजे पंचांगातून लोकलची वेळ काढण्यासारखं आहे.

पुढच्या काही दिवसांचा जिल्हानिहाय इशारा जास्त कामाचा. त्यातले पहिले दोन दिवस बऱ्यापैकी भरवशाचे, चौथा-पाचवा दिवस बदलू शकतो. म्हणूनच तो रोज नव्याने दिला जातो. व्हॉट्सॲपवर आलेला नकाशा सोमवारचा असेल आणि तुम्ही तो गुरुवारी वाचत असाल, तर तो शिळा आहे. नकाशावरची तारीख पाहणं हे निम्मं काम.

ढग नेमका कुठे फुटणार, हे कळतं ते नाऊकास्टमधून, म्हणजे पुढच्या तीन तासांच्या इशाऱ्यातून. तो रडार, उपग्रह आणि विजांच्या नोंदींवर बेतलेला असतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलेलं 'दामिनी' ॲप तुमच्या आसपास २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडण्याचा धोका असेल तर कळवतं. 'मौसम' ॲपवरही नाऊकास्ट दिसतो.

मग हेच चार दिवस आधी का सांगता येत नाही? मे २०२५ मध्ये भारताने 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे नवं मॉडेल सुरू केलं. ते देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडतं, आधी हा चौकोन १२ किलोमीटरचा होता. सुधारणा मोठी आहे. पण गारांचा ढगच जर त्या एका चौकोनाएवढा किंवा त्याहून लहान असेल, तर तो ढग दोन दिवसांनी कुठल्या शिवारावर उभा राहील हे कोणतंही मॉडेल खात्रीने सांगू शकत नाही. आणि शहरातल्या माणसासाठी 'छत्री न्यावी का' एवढाच असलेला हा प्रश्न शेतात वर्षभराच्या कमाईचा होतो.

अंदाज आला, आता काढणी करायची की थांबायचं?

मार्च-एप्रिलमध्ये शेतात काय काय उघड्यावर असतं ते पाहा. गहू, हरभरा काढणीला आलेला. हिंगोली-नांदेड आणि सांगलीकडे हळद शिजवून वाळत घातलेली. तासगाव, पंढरपूर भागात बेदाणा शेडवर. नाशिकमध्ये उशिराच्या द्राक्षांचे घड वेलीवर. कोकणात आंबा झाडावर, विदर्भात संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं अगदी लहान.

यातला प्रत्येक माल वेगळा निर्णय मागतो. हळद ताडपत्रीने झाकता येते. गहू पिवळा पडला असेल तर दोन दिवस आधी कापून मळणी उरकता येते. उन्हाळ कांद्याचं गणित अवघड आहे. कांदा उपटल्यावर काही दिवस पातीसकट शेतात सुकवला नाही, तर तो चाळीत टिकत नाही. घाईने उचलला तर पुढे सडणार, सुकत ठेवला आणि भिजला तरी सडणार. संत्रा आणि आंब्याच्या बाबतीत तर करण्यासारखं फारच थोडं असतं.

आणि समजा यलो अलर्ट पाहून मजूर दुप्पट दराने लावून काढणी केली, तीन दिवस कडक ऊन पडलं? तो खर्च कुठल्याच आकडेवारीत येत नाही. असं दोनदा झालं की तिसऱ्या इशाऱ्याकडे कुणी बघत नाही. 'खातं नेहमी चुकतं' हा शेरा शहरात विनोद असतो, गावात तो अशा अनुभवातून आलेला असतो.

आणि उन्हाचं काय?

पावसाच्या इशाऱ्यात उन्हाचा इशारा हरवतो, म्हणून थोडक्यात. उष्णतेची लाट ही नुसत्या पाऱ्यावरून ठरत नाही. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवं. किनारपट्टीवर ही मर्यादा ३७ अंशांची आहे. पारा थेट ४५ वर गेला तर सरासरीचा हिशेब बघितला जात नाही. त्यामुळे मे महिन्यात चंद्रपूरला ४४ अंश असतानाही लाट जाहीर होत नाही आणि मार्चमध्ये मुंबईला ३८ ला होऊ शकते.

पण जाहीर लाट नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये मैदानावरच्या भरदुपारच्या कार्यक्रमानंतर १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला, तेव्हा त्या परिसरातला पारा चाळिशीच्या खालीच होता. हवेत दमटपणा असला की घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही. कोकणपट्टीत राहत असाल तर अंदाजात कमाल तापमानाच्या शेजारचा 'उष्ण व दमट हवामान' हा इशाराही वाचा.

नुकसान झालंच तर: अंदाज जिल्ह्याचा, विमा मंडळाचा, गारा बांधावर

अडचण अंदाजापाशी संपत नाही. भरपाईची यंत्रणाही अशाच मोठ्या चौकोनांवर चालते.

पूर्वी गारपीट झाली की शेतकरी ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवायचे आणि एकट्याच्या शेताचीही पाहणी व्हायची. महाराष्ट्राने २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातली पीक विमा योजना बंद केली आणि सुधारित योजना आणली. तिच्यात स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान या बाबी वगळल्या गेल्या. भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या सरासरी उत्पादनावर ठरते. हे प्रयोग महसूल मंडळाच्या पातळीवरचे. आता गणित करा: मंडळात वीस-पंचवीस गावं आहेत, गारा दोन गावांत पडल्या, बाकीच्या गावांत गहू उत्तम आला. मंडळाची सरासरी फारशी खाली येणारच नाही. ज्याचं शेत झोपलं त्याचं नुकसान शंभर टक्के, पण कागदावर मंडळ सुस्थितीत.

जुन्या पद्धतीत खोट्या तक्रारींचा सुळसुळाट होता, म्हणून बदल केला असं सरकारचं म्हणणं आहे आणि त्यात तथ्य आहे. पण गारपिटीसारखं ठिपक्याठिपक्याने येणारं संकट सरासरीत पकडता येत नाही, हेही तितकंच खरं.

उरतो तो महसूल विभागाचा पंचनामा. गारपीट राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत आहे. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान झालं, तर मदत मिळते. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. द्राक्षाच्या एका हेक्टरला औषधांपासून मजुरीपर्यंत लाखोंचा खर्च येतो, हे लक्षात घेतलं की ही रक्कम किती पुरते ते कळतं.

फळबागांसाठी हवामान आधारित फळपीक विमा योजना वेगळी आहे. तिचे निकष मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतात. हे केंद्र गारा मोजत नाही. त्यामुळे गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं आणि ते घेतलेल्यांनी नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत कळवायचं असतं. अर्ज भरताना त्या रकान्यावर खूण केली होती की नाही, हे अनेक बागायतदारांना गारा पडल्यावर पावती काढून पाहताना कळतं.