पळवाटेचे संशोधन

कायद्याचा बडगा उगारला की संशोधनाचा गळा आवळला जातो, हा जहाजमालकांचा जुना युक्तिवाद आहे. तो इतक्या वेळा घोकला गेला की काही पुरोगामी मंडळीही त्याला माना डोलावू लागली आहेत. वास्तव नेमके उलटे आहे. अनेक दशके ही जहाजे तेलशुद्धीकरणाच्या तळाशी उरणारा गाळ जाळीत आली. इंधन स्वस्त, धूर फुकट; मग नवे यंत्र शोधण्याची निकड कोणाला भासावी?

१ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजी इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणली. नियम चांगलाच होता. परंतु ‘समतुल्य’ उपायांची एक खिडकी त्यात उघडी राहिली होती. मालकांची प्रतिभा तत्काळ जागी झाली! धुराड्यातील धूर समुद्राच्या पाण्याने धुणारी यंत्रे हजारो जहाजांवर बसली. गाळ जळतच राहिला आणि हवेत जाणारे गंधक, जड धातूंसह, बहुतेक जहाजांवरून थेट समुद्रात जाऊ लागले. सिंगापूरने आपल्या बंदरात हे धुवण सोडण्यास त्याच दिवसापासून बंदी घातली, ती उगीच नव्हे.

नॉर्वेत निराळे घडले. तेथील सरकारी रस्ते खात्याने फ्योर्ड ओलांडणाऱ्या फेरीबोटीच्या कंत्राटासाठी प्रदूषण घटविण्याची स्पर्धाच लावली. त्यातून २०१५ साली लाविक ते ओप्पेदाल या मार्गावर ‘आंपेर’ ही मोटारी वाहून नेणारी, निव्वळ विजेवरील बोट धावू लागली. गावांची वीजवाहिनी दुबळी होती. म्हणून दोन्ही धक्क्यांवर बॅटऱ्या बसविल्या. बोट दूर असताना त्या सावकाश भरत आणि बोट लागताच काही मिनिटांत तिला वीज देत. बोट खाजगी कंपनीची होती हे खरे. पण अट सरकारची होती, आणि तिला पळवाट नव्हती.

वीस मिनिटांची फेरी म्हणजे महासागर नव्हे, हेही मान्य. तेथे हरित मिथेनॉल वा अमोनिया लागेल. ते तेलाहून महाग आहे, आणि धुराला किंमत लागल्याविना कोणीही नफेखोर ते घेणार नाही. अशी किंमत ठरविणारा आराखडा एप्रिल २०२५ मध्ये लंडनमध्ये संमत झाला. भाडेवाढ अखेर गरीब देशांवर पडेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच वसूल होणाऱ्या निधीत त्या देशांचा वाटा त्यात धरला होता. ऑक्टोबरात अमेरिकेने पाठिंबा देणाऱ्या देशांना बंदरशुल्काच्या नि व्हिसाबंदीच्या धमक्या दिल्या, आणि ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर लांबविला गेला. त्या वर्षात मागणी नोंदविलेली जहाजे वीस-पंचवीस वर्षे समुद्रावर राहतील.