दप्तर आणि प्रदर्शन

आपल्या मंडळाच्या गेल्या बैठकीत एक ठराव मांडला गेला आणि तो जवळजवळ एकमताने संमतही होणार होता. ठराव असा की, जेथे परीक्षक निवड करतात अशा कोणत्याही छायाचित्र प्रदर्शनात मंडळाच्या सभासदांनी यापुढे प्रवेशिका पाठवू नयेत. त्याऐवजी मंडळाने स्वतःचेच प्रदर्शन भरवावे, आलेले प्रत्येक छायाचित्र त्यात लावावे आणि प्रत्येकास प्रमाणपत्र द्यावे. आम्ही एकट्यानेच हात वर केला नाही, म्हणून विषय पुढील बैठकीवर गेला. एक वडीलधारे सभासद बाहेर पडताना म्हणाले, "साहेब, तुमचा जन्म तपासण्या करण्यात गेला; तुम्हांला परीक्षक आवडायचेच!" बोलणे खेळीमेळीचे होते, पण त्याला उत्तर देणे आम्हांस आवश्यक वाटते, आणि बैठकीत आमचा आवाज पोचत नाही, म्हणून ते येथे लेखी देत आहोत.

ठरावामागची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या एका मोठ्या शहरातील कलाकेंद्राने 'वारसा' या विषयावर छायाचित्रे मागविली होती. आपल्यापैकी सात जणांनी मिळून अठ्ठावीस प्रवेशिका पाठविल्या. त्यांतील एकही निवडली गेली नाही. आमच्या स्वतःच्या चार होत्या; त्या चारही नापसंत झाल्या. पूर्वी साभार परत आलेले पाकीट तरी हाती पडे. आता मोबाईलवर दोन ओळींचा संदेश येतो आणि त्याखाली आपले नावही नसते, केवळ क्रमांक असतो.

या संदेशावरूनच पहिला आक्षेप निघाला की, आम्ही मराठी म्हणून आम्हांला डावलले. आमचे म्हणणे असे की, ज्या संदेशात नाव नव्हते त्या निवडीतही नाव नव्हते. अशा प्रदर्शनांत परीक्षकांपुढे चित्र येते ते क्रमांकानिशी. नाव, गाव, भाषा त्यांच्यापुढे नसते. ते गुण देतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. या घाईला हवे तर दोष द्या, आम्हीही देऊ. परंतु ज्याने आपले आडनावच पाहिले नाही, त्याने आडनावावरून डावलले हा आरोप टिकणारा नाही. दोनशे-अडीचशे वर्षे या गावात राहून आपल्याला अजून उपरेपणाची भावना सोडत नाही आणि प्रत्येक नकारात आपण तीच शोधतो.

खरे कारण आम्हांला त्या अठ्ठावीस चित्रांतच दिसते. ती सर्व आम्ही मंडळाच्या संगणकावर एका बैठकीत पाहिली. नऊ चित्रे अशीरगडाची आणि त्यांतील सात सूर्यास्ताची. पाच चित्रे आहूखान्याची. त्यांत मुमताजमहलचा १६३१ सालचा मृत्यू आणि तिचे येथील तात्पुरते दफन यांचा उल्लेख मथळ्यात न चुकता आलेला. चार राजघाटाची. तीन कुंडी भंडाऱ्याची, म्हणजे वरून कुंडीत डोकावून घेतलेली. १६१५ च्या सुमाराची ही भूमिगत जलव्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तेव्हापासून तेथे कॅमेरा घेऊन न गेलेला माणूस विरळा. ही स्थळे थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण इंदूरहून सकाळी येऊन सायंकाळी परत जाणारा पर्यटकही हीच चित्रे काढतो. मग येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिल्याचा आपल्या डोळ्यांना उपयोग काय झाला?

आम्ही बसने जाऊन ते प्रदर्शन पाहून आलो. ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी कोणी गेले होते असे आमच्या ऐकिवात नाही. तेथे दुसऱ्या दालनात एक चित्र आमच्याच गल्लीचे होते! यंत्रमागाच्या खोलीत रात्रपाळीचा कामगार दोन मागांमधल्या चिंचोळ्या वाटेत जमिनीवर बसून डबा उघडतो आहे. कापसाची बारीक फुसफुस त्याच्या भुवयांवर, खांद्यावर, डब्याच्या झाकणावर बसलेली. मागे भिंतीवर विड्याच्या पिंका आणि एक कॅलेंडर. खाली नाव एका तरुण मुलाचे, बुऱ्हाणपूरच्याच. तो कारखाना आमच्या दारापासून शंभर पावलांवर आहे. त्याची खडखड आम्ही चाळीस वर्षे ऐकत आलो आणि नगरपालिकेकडे तिची तक्रारही करून चुकलो. वारसा हा शब्द ऐकून आम्ही गडावर गेलो. विणकामाच्या या गावाचा वारसा दाखवावयास तो मुलगा समोरच्या खोलीत शिरला. परीक्षकांनी त्याला निवडले आणि आम्हांला वगळले. यात अन्याय कोठे आहे हे आम्ही प्रामाणिकपणे शोधले, पण सापडला नाही.

बैठकीत एका विद्वान सभासदांनी पॅरिसचा दाखला दिला होता. १८६३ साली तेथील अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी नाकारलेल्या चित्रांचे तिसऱ्या नेपोलियनने वेगळे प्रदर्शन भरविले आणि त्यातच एदुआर मानेचे पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्र होते, हे अगदी खरे. परंतु दाखला अर्धाच दिला गेला. माने त्यानंतरही आयुष्यभर त्याच अधिकृत प्रदर्शनाकडे चित्रे पाठवीत राहिला. १८७४ पासून त्याच्या मित्रांनी स्वतंत्र प्रदर्शने भरविली. त्यांपैकी एकातही त्याने भाग घेतला नाही. नाकारणाऱ्यांच्याच भिंतीवर आपले चित्र लागावे, हा त्याचा हट्ट होता.

परीक्षक नसलेले प्रदर्शन कसे असते, याचाही दाखला आहे. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलाकारांच्या संस्थेने जाहीर केले की, सहा डॉलर भरणाऱ्याची कलाकृती आम्ही लावू. परीक्षक नाहीत आणि पारितोषिकेही नाहीत. मार्सेल द्यूशाँने टोपणनावाने चिनीमातीचे एक मूत्रपात्र पाठविले. संचालकांनी तातडीने मत घेऊन ते दूर ठेवले. म्हणजे परीक्षक होतेच. फक्त ते दाराआड होते. ते मूळ पात्र पुढे हरवले. ते कसे दिसत होते हे आज आपल्याला कळते ते आल्फ्रेड स्टीग्लिट्झने काढलेल्या छायाचित्रावरून. आपल्या मंडळात उद्या कोणी अशोभनीय चित्र आणले, तर ते लावावयाचे की नाही हे कोण ठरविणार? अध्यक्ष आणि चिटणीसच ठरविणार, आणि तेही चहा पिता पिता. त्यापेक्षा नावे जाहीर असलेले बाहेरचे तीन परीक्षक बरे.

आपल्याच पूर्वसूरींकडे पाहा. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हा ही कला युरोपातही बाल्यावस्थेत होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी साहेबलोकांच्या त्या संस्थेत शिरले आणि नारायण दाजींनी आपली चित्रे तेथे सर्वांसमोर मांडली. आपल्या इंदूरचे उदाहरण तर आम्हां नोकरदारांना अधिक जवळचे. दीनदयाळ हे तेथील बांधकाम खात्यातील नकाशेकार. नोकरी सांभाळून कॅमेरा हाती धरला, सर लेपेल ग्रिफिन यांच्यासाठी मध्य भारतातील वास्तूंची छायाचित्रे काढली, पुढे निजामाच्या दरबारी 'राजा' झाले, आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापर्यंत त्यांची चित्रे पोचली. इंदूरमध्येच जन्मलेले आणि देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले ना. श्री. बेंद्रे यांनी बॉम्बे आर्ट सोसायटीच्या परीक्षकांपुढे चित्रे ठेवून १९४१ मध्ये तिचे सुवर्णपदक मिळविले. यांपैकी कोणीही 'आपल्याच लोकांत आपलेच प्रदर्शन' असे म्हणून घरी बसला नाही. सर्वांना प्रमाणपत्र म्हणजे संक्रांतीचे वाण. हळदीकुंकवात ते शोभते.

आता ठरावाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र आम्ही मनापासून मान्य करतो. एका भगिनींनी विचारले होते, "वाडे पडत आहेत, माणसे जात आहेत. अशा वेळी चित्र सुंदर आहे की नाही हे पाहत बसायचे का?" हा प्रश्न आम्हांला बोचला, कारण आमचे चौथे चित्र नेमके तसे होते. महाजनापेठेतील आमच्या नात्यातल्या एका वाड्याचे ते देवघर. आम्ही छायाचित्र काढले तेव्हा वाडा उभा होता. या उन्हाळ्यात तो उतरविला गेला. आता तेथे दुकानांचे गाळे होत आहेत. म्हणजे परीक्षकांनी नाकारलेले ते चित्र हीच त्या देवघराची आज उरलेली खूण.

पण गोष्ट येथे संपत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी एक परीक्षक दालनातच होते. त्यांना आम्ही क्रमांक सांगून कारण विचारले. त्यांनी चित्र काढून पाहिले आणि म्हणाले, "ही भिंत इतकी पांढरी कशी?" आम्ही निरुत्तर झालो. कोनाड्याच्या वर समईची काजळी होती. शंभर-सव्वाशे वर्षांच्या सांजवातीची, पंख्यासारखी पसरलेली. चित्र स्वच्छ दिसावे म्हणून भाच्याकडून आम्ही ती संगणकावर पुसून घेतली, आणि सुधारलेले चित्र मूळ चित्राच्याच जागी जतन केले. मूळ आता कोठेही नाही. भिंत नाही, काजळी नाही आणि तिचे छायाचित्रही नाही. प्रदर्शनासाठी ते चित्र खोटे ठरले होतेच. पुराव्यासाठीही ते निकामी झाले.

म्हणून आमचे म्हणणे असे की, आपण दोन वेगळी कामे एकत्र कालवीत आहोत. आम्ही चौतीस वर्षे राज्य शासनाच्या महसूल खात्यात काढली. अभिलेखागाराचा नियम साधा असतो: आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, फाटका असला तरी ठेवायचा, अक्षर वाईट म्हणून फेकायचा नाही आणि त्यात खाडाखोड तर मुळीच करायची नाही. तेथे परीक्षक नको, कारकून हवा. प्रदर्शनाचा नियम याच्या अगदी उलट. तेथे शंभरातून दहा निवडण्यासाठी नजर हवी आणि नव्वदांना नाही म्हणण्याचे धैर्य हवे. आपला ठराव संमत झाला, तर दप्तर भिंतीवर टांगले जाईल, चार दिवस मिरवेल आणि पाचव्या दिवशी चित्रे ज्याच्या त्याच्या घरी जातील. संग्रह होणार नाही, आणि त्याला प्रदर्शनही म्हणता येणार नाही.

कलाकेंद्राच्या बाजूने इतके बोललो, म्हणून त्यांचे सर्वच आम्हांस मान्य आहे असे कोणी समजू नये. त्यांच्या प्रवेशपत्रिकेच्या दुसऱ्या पानावर बारीक टायपात एक कलम होते. पाठविलेल्या सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील, असा त्याचा आशय. निवडलेल्या नव्हे, पाठविलेल्या सर्व! नाकारलेल्या चित्राचाही हक्क घ्यावयाचा आणि वर प्रवेशशुल्कही घ्यावयाचे, हा व्यवहार सरळ नाही. सात जणांपैकी सहा जणांनी हे कलम वाचलेच नव्हते. सातवे आम्ही, आम्ही वाचले आणि तरीही सही केली. जन्मभर दुसऱ्यांच्या सह्या तपासणाऱ्याला हे शोभले नाही.

कायदा येथे आपल्या बाजूला बराच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे हक्काचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता. हक्क दिल्यावरही चित्र आपले आहे असे म्हणण्याचा छायाचित्रकाराचा अधिकार सत्तावन्नाव्या कलमाने शाबूत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षे न राहता छायाचित्रकाराच्या हयातीपर्यंत आणि पुढे साठ वर्षे झाला आहे. इतकी दीर्घ मिळकत आपण बारीक टायपाखाली सही करून देऊन टाकतो. तेव्हा बहिष्कार घालण्यापेक्षा आयोजकांना पत्र लिहावे: निवडलेल्या चित्रांचा उपयोग प्रदर्शन आणि त्याची पुस्तिका एवढ्यापुरताच करावा, परीक्षकांची नावे आधी जाहीर करावीत आणि नाकारलेल्या चित्रांवर कोणताही हक्क सांगू नये. असे पत्र मंडळाच्या नावाने गेले तर त्याला वजन येईल.

एक गोष्ट जुन्या घराण्यांना विशेष उपयोगी आहे, म्हणून सांगून ठेवतो. आमच्या मुंजीत वडिलांनी पैसे देऊन बाजारातील छायाचित्रकाराला घरी बोलाविले होते. ते छायाचित्र त्याचे, असे आम्ही वर्षानुवर्षे समजत होतो. पण सतराव्या कलमाप्रमाणे मोबदला देऊन सांगून काढविलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढविणारा असतो. म्हणजे लग्नामुंजींची ही चित्रे संग्रहाला देण्यासाठी त्या बंद पडलेल्या स्टुडिओंचे वारस शोधत बसण्याचे कारण नाही.

पुढील बैठकीत आम्ही ठरावाला दुरुस्ती सुचविणार आहोत. मंडळाने संग्रह करावा. त्यात प्रत्येक चित्र घ्यावे आणि मूळ चित्राला हात लावू नये. छापील चित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, जागा, साल लिहावे. शाई वापरू नये, ती दुसऱ्या बाजूला उतरते. आणि सभासदांनी बाहेरच्या प्रदर्शनांत प्रवेशिका पाठवाव्यात, कलमे वाचून पाठवाव्यात. आमची पुढची प्रवेशिका आम्ही त्याच केंद्राकडे पाठविणार आहोत. समोरच्या कारखानदारांनी रात्रपाळीत आत येण्याची परवानगी दिली आहे. आमच्या तक्रारअर्जाची आठवण त्यांनी काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

बैठकीला येताना सभासदांनी घरातील जुन्या छायाचित्रांची पेटी बरोबर आणावी. चित्रे पुसून, निवडून किंवा क्रमाने लावून आणू नयेत.