सायटिका : कळ पायात, मूळ कमरेत

१९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाने शिरोडा गाव देशाला माहीत झाले. पण त्या मिठागरांत दिवसभर वाकून मीठ ओढणाऱ्या, भरल्या टोपल्या वाहणाऱ्या कष्टकऱ्यांच्या कमरेचे काय झाले, हे कोणी लिहून ठेवले नाही. चिरेखाणीवरचा गडी, रापण ओढणारा, मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणारी आपली आई-बहीण, सगळ्यांची तीच गत. कंबर धरली की मजुरी बुडते आणि मजुरी बुडाली की चुलीची पंचाईत होते. म्हणून या वेळी आम्ही सायटिकाविषयी सांगणार आहोत.

कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, कधी पार पायाच्या बोटांपर्यंत जाते. मुंग्या येतात, खोकले की झटका बसतो. माणूस पाय चोळत बसतो. पण दोष पायात नसतो. आपल्या दोन मणक्यांमध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट, आत ताडगोळ्यासारखा मऊ गर. वाकून, पिळून ओझे उचलता उचलता ती फुगते किंवा फाटते आणि गर बाहेर येतो. बहुधा हे कमरेच्या अगदी खालच्या दोन गाद्यांत होते. तेथून पायाकडे जाणाऱ्या शिरेच्या मुळावर दाब येतो, सूज येते. ही शीर शरीरातली सर्वांत जाड, बोटाएवढी. तिचे दुखणे म्हणजे सायटिका. आयुर्वेदात यालाच गृध्रसी म्हणतात.

हे कोणाची करणी नाही की बाहेरची बाधा नाही. अंगारा लावून गादी जागेवर येत नाही. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेण्याची रीत तर ताबडतोब सोडा. आधीच फाटलेल्या गादीवर तो घाव ठरू शकतो.

आता धीराची गोष्ट. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. बहुतेकांचे दुखणे सहा ते बारा आठवड्यांत उतरते. हॉलंडमध्ये १९९९ साली १८३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अंथरुणाला खिळून राहिलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते राहिलेले, दोघांतही बारा आठवड्यांनी शंभरातले ८७ सुधारले होते. म्हणजे पडून राहिल्याने फायदा काही नाही, मजुरी तेवढी जाते. त्याच देशात २००७ साली आणखी एक अभ्यास आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर ऑपरेशनसाठी थांबलेलेही तेवढेच बरे होते. मात्र थांबलेल्यांपैकी शंभरातील ३९ जणांना पुढे ऑपरेशन करावेच लागले. तेव्हा ऑपरेशन वाईट नाही, घाई वाईट. कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा, ‘थोडे थांबले तर चालेल का?’

घरी काय करावे?

एक-दोन दिवस विश्रांती पुरे. मग घरातल्या घरात, अंगणात थोडे थोडे चाला. फार वेळ एका जागी बसू नका.

चटईवर पालथे पडा. दोन-तीन मिनिटांनी कोपरांवर छाती उचला, कंबर सैल सोडा. न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेन्झी यांना १९५६ साली योगायोगाने दिसले, की असे पडल्यावर एका रुग्णाची पायातली कळ गेली. त्यांनी पुढे त्यावर उपचारपद्धती उभी केली. खूण लक्षात ठेवा : कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत सरकली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगले लक्षण. कळ आणखी खाली उतरली, तर व्यायाम लगेच थांबवा. चालताना पाय भरून येतात आणि वाकून बसल्यावर बरे वाटते अशा वयस्करांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रकार करू नये.

गरम पाण्याच्या पिशवीने शेकल्यास आराम मिळतो. ओझे उचलताना गुडघे वाकवा, वस्तू अंगाशी धरा, उचलता उचलता कंबर पिळू नका. एक भरलेला हंडा नेण्यापेक्षा दोन अर्धे बरे. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आणि दुकानातून आणून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्याही खाऊ नका. पोटाला आणि मूत्रपिंडाला ते बाधते.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा आला, दोन्ही पायांतले बळ गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. शिरोड्याहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज. तेथे उशीर म्हणजे जन्माचे अपंगत्व. पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली, ताप आला, वजन घटले किंवा पडल्यावर दुखणे सुरू झाले, तरीही घरगुती उपाय करत बसू नका.

शेवटी घरच्यांना एक सांगणे. दुखणारा माणूस आळशी नसतो. सहा आठवडे त्याला हलके काम द्या, मुकादमाकडेही तसे मागून घ्या. आणि दुखणारी घरची बाई असेल, तर विहिरीवरचे पाणी पुरुषांनी भरावे. औषधाइतकीच त्याची गरज आहे.