तुमच्या अंगातले चिमुकले हात

मुलांनो, उजवा हात पुढे धरा पाहू. तर्जनी सरळ, अंगठा तिच्याशी काटकोनात ताठ आणि मधलं बोट आत वाकवलेलं. उरलेली दोन बोटं मिटून घ्या. जमलं? अगदी अशाच घडणीचे अगणित हात या क्षणी तुमच्या अंगात काम करताहेत!

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ ठिकठिकाणी वळते, गुंडाळते. आपले रोहू-कटला ज्या कुळातले, त्याच कुळातल्या कार्प माशाच्या स्नायूत एक प्रथिन असतं. १९७३ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट क्रेट्सिंगर आणि नॉकोल्ड्स यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं त्याची रचना शोधून मांडली. त्यात स्प्रिंगसारख्या सहा गुंडाळ्या होत्या. त्यांची नावं ए, बी, सी, डी, ई, एफ. ई म्हणजे तुमची तर्जनी, एफ म्हणजे अंगठा आणि दोन्हींना जोडणारा वळसा म्हणजे वाकवलेलं बोट. म्हणून या घडणीला 'ईएफ हात' म्हणतात.

या वळशात असतात १२ अमिनो आम्लं. कॅल्शियमचा आयन आला, की सात ऑक्सिजन अणूंच्या कोंडाळ्यात तो अलगद धरला जातो. पेशीत मोकळ्या कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम कितीतरी जास्त. पण त्याचा आयन लहान, त्याला सहाच सोबती पुरतात. म्हणून एवढ्या गर्दीतूनही हात कॅल्शियमच निवडतो!

याचा उपयोग काय? तुम्ही धावायला लागता, तेव्हा स्नायूपेशीत साठवलेलं कॅल्शियम सुटतं. ट्रोपोनिन-सी या प्रथिनाचे हात ते पकडतात, प्रथिनाचा आकार बदलतो आणि स्नायू आखडतो. कॅल्शियम साठ्यात परतलं, की स्नायू सैल! हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला हेच चालतं.

हे काम एक क्षणही थांबून चालायचं नाही. म्हणून जेवणातून कॅल्शियम कमी पडलं, तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांतच असतं ना! ठोका चुकत नाही, पण हाडं मात्र कमजोर होत जातात. तेव्हा ताटातली नाचणीची भाकरी, तिळाची चटणी नि पेल्यातलं दूध बाजूला सारण्याआधी या चिमुकल्या हातांची आठवण ठेवा हं!

करून पाहा : कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला असे चार हात असतात, एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला दोन. चौघा मित्रांनी उजवे हात पुढे करून वर्गातच एक कॅल्मोड्युलिन उभं करा!